शेवटच्या एसटीपर्यंतचा सिनेमा

अकोल्याच्या टॉकीजसमोर लावलेल्या बिजलीनाथच्या पोस्टरला कुणीतरी दोडक्यांचा हार घातला होता. चार-पाच दोडके, मधे सडके टमाटे, खाली पदकासारखं एक वांगं. सुतळी देठातून न घालता दोडक्याच्या पोटातून घातली होती, म्हणून अर्धे दोडके फाटून लोंबत होते. पोरं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढत होती आणि हसत होती.

माझं डोकं तिथंच फिरलं. सिनेमा वाईट आहे की चांगला ते मला अजून पाहायचं होतं, त्यासाठीच मी आले होते. पण कुणाची लाज काढायची तर त्याला भाजीचा हार घालायचा, हे यांना कुणी शिकवलं? आम्ही पातूरकडचे माळी. फुलं आणि भाजी यांच्यावर आमच्या घरानं पिढ्या काढल्या. नवा सिनेमा लागला की याच टॉकीजमध्ये पहिल्या दिवशी नायकाच्या गळ्यात आमच्या मळ्यातला हार पडायचा. आमचे हे, शालिकराम, सकाळच्या गाडीनं टोपलीत ओल्या फडक्याखाली हार घेऊन यायचे आणि स्वतः शिडीवर चढून तो घालायचे. मॅनेजर त्यांना फुकट आत सोडायचा. बिजलीनाथचा पहिला भाग लागला तेव्हा हे उरले नव्हते. माझा धाकटा चंदन झेंडूचा हार घेऊन आला होता, एवढा जाड की दोघांना धरावा लागला. त्याच बिजलीनाथच्या गळ्यात आता दोडके.

"काढ वं ते," मी शेजारच्या भागीरथेला म्हणाले. "तुहा हात पोचते."

"राहू दे ना पार्बता. कोनी पाह्यलं तं म्हनतीन, बुढी भाजी चोरून राहिली."

मीच ओढला. सुतळी तुटली, दोडके पायाशी पडले. वांगं चांगलं होतं, ते बरोबर आलेल्या सत्यवतीनं पिशवीत टाकलं. पोरांपैकी एक म्हणाला, "आजी, भाजीनाथचे फॅन हाय का तुमी?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मोबाइल खिशात घातला.

फॅन कसली. हा सिनेमा माझ्या नातीनं लिहिला आहे. सगळा नाही, पण पडद्यावर लिहिणाऱ्यांच्या नावांत तिचंही नाव येतं.

पहिला भाग मी या नातीबरोबरच, वर्षालीबरोबर पाहिला होता, ती दिवाळीला घरी आली होती तेव्हा. बिजलीनाथ म्हणजे अंगात वीज असलेला तरुण. आभाळात उडतो, हातातून वीज सोडतो, निळी शाल पांघरतो. शेवटच्या मारामारीत तो दुष्टाला ढगातून खाली आपटतो, तो थेट भर भाजीबाजारात. टोपल्या उडाल्या, पालं फाटली, हातगाड्यांचा चुरा झाला. टॉकीजमध्ये नुसत्या शिट्ट्या. मी वर्षालीच्या कानाशी लागले.

"त्या बायायचं काय झालं वं?"

"कोनत्या बाया, आजी?"

"बाजारात बसल्या होत्या त्या. आता तं होत्या."

ती हसली. मग हसायची थांबली आणि परतताना गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. तेव्हा ती मुंबईत मालिकांसाठी लिहायची. पुढं तिला बिजलीनाथच्या दुसऱ्या भागासाठी घेतलं, तेव्हा तिनं माझा प्रश्न तिथल्या लोकांपुढं ठेवला आणि त्यांनी तो उचलला. दुसरा भाग त्याच्यावरच उभा आहे. जिची जागा मोडली ती म्हातारी भाजीवाली बिजलीनाथच्या दारात येऊन बसते, आणि उठत नाही.

सिनेमा लागला आणि लोक शिव्या देत त्याच्यावर तुटून पडले. म्हणे नायक अर्धा वेळ उडतच नाही, मेथी निवडत बसतो. म्हणे पैसे परत द्या. त्याचं भाजीनाथ करून टाकलं. हिंदी सिनेमात म्हातारी वऱ्हाडी बोलते, तर पुण्याकडचे म्हणाले ही कोणती गावंढळ भाषा, आणि आमच्याच अमरावतीचे म्हणाले आमच्या बोलीची थट्टा केली. वर्षालीचा फोटो शोधून काढून त्याच्याखाली जे लिहिलं, ते मी कागदावर उतरवणार नाही. चंदननं मला मोबाइलवर एकाचं लांबलचक लिहिलेलं वाचून दाखवलं. मी विचारलं, "यानं पाह्यला का सिनेमा?"

"इंटरवलपर्यंत पाह्यला म्हनते."

"अन् एवढं लिहिलं?"

"तेवढ्यात समजलं म्हनते त्याले."

वर्षाली मुंबई सोडून अमरावतीला बापाकडे येऊन बसली. मनोज, माझा मोठा मुलगा, तिथं शाळेत मास्तर आहे. त्यानं लागलीच एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात तिच्यासाठी जागा पाहिली. सोमवारपासून जायचं. तिकडं सिनेमावाले तिसऱ्या भागासाठी तिच्या होकाराची वाट पाहत होते. तिनं नाही म्हणायचं तेवढं बाकी होतं. तेव्हा तिचा मला फोन आला.

"आजी, सगळे म्हनतात घाण हाय. ऐकून ऐकून मलेच आता समजत नाई. तू पाहून ये. तू मले बरं वाटावं म्हनून बोलनार नाईस. तू घाण म्हनली तं मी लिहिनं सोडते अन् कॉलेजात जाते."

"अन् चांगला म्हनली तं?"

"तं पाहू."

"एवढं मोठं माह्यावर काऊन टाकून राहिली?"

"तूच तं विचारलं होतं, त्या बायायचं काय झालं म्हनून."

बाजाराचा दिवस पाहून भागीरथा आणि सत्यवतीला घेऊन निघाले. भागीरथा माझ्या बरोबरीची, आम्ही लग्न होऊन एकाच उन्हाळ्यात वस्तीवर आलो. सत्यवती आमच्यापेक्षा लहान, तिची सासू माझी मैत्रीण होती.

आमच्याकडे सिनेमा शेवटच्या एसटीपर्यंत असतो, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पातूरच्या पुढं आमची मळ्यांची वस्ती. तिथं वळणारी गाडी संध्याकाळी एकच. बाजाराच्या दिवशी माल विकायचा, दुपारचा खेळ पाहायचा आणि ती गाडी पकडायची. सिनेमा लांबला की शेवट राहायचा. नायक दोरीला लटकलेला असायचा आणि आम्ही रिकाम्या टोपल्या घेऊन बसस्टँडकडे पळत असायचो. पण गाडीत शालिकराम असायचे. वरचा दांडा धरून उभे राहायचे आणि शेवट सांगायचे. त्यांनीही तो पाहिलेला नसायचा. गाडी शहराबाहेर पडेपर्यंत ते गप्प असत, मग खाकरून सुरू करत. कुणाचं लग्न लावायचे, कुणाला तुरुंगातून सोडवायचे. एकदा तर पडद्यावर मेलेल्या आईला त्यांनी गाडीत जिवंत केलं, कारण मागच्या बाकावर सत्यवतीची सासू रडत होती. ड्रायव्हर गाडी हळू चालवायचा. पुढं घरी टीव्ही आले, ते सिनेमे लागले आणि खरे शेवट पाहून वस्तीवरच्या बाया चिडल्या. शालिकरामांवर नाही, सिनेमावाल्यांवर.

पण आपण शेवट पाहिलेला नाही, हे त्या गाडीतल्या प्रत्येकाला माहीत असायचं. आता कुणालाच ते आठवत नाही. मोबाइलवर तोंड उघडणारा प्रत्येक जण असा बोलतो, जसा काही त्यानंच तो सिनेमा कापला-शिवला.

खेळ सुरू झाला. टॉकीज अर्धं भरलं होतं, त्यातले बरेच गावाकडचे. मागं पोरांची रांग.

म्हातारी बिजलीनाथच्या दारात येऊन बसली. तो तिला पैसे देऊ करतो, ती घेत नाही. दुकान देऊ करतो, ती मान फिरवते. शेवटी तो तिच्यासमोर खाली बसतो आणि हिंदीत विचारतो, माई, तुला पाहिजे तरी काय? ती म्हणते, "उद्या पहाटं येजो. जुड्या बांधाच्या हाय." आणि तो जातो. रोज जातो. पोत्यावर बसतो, गारठलेल्या पाण्यात पालक धुतो, त्याच्या बोटांना चिरा पडतात. म्हातारी मेथीची जुडी बांधण्याआधी मुळं सारखी करायला ती मांडीवर दोनदा ठोकते. ते पाहून मी खुर्चीत सरळ झाले. ते माझं होतं. वर्षाली लहानपणी माझ्याजवळ बसून ते पाहायची.

"पार्बता, हे तं तूच हाय," भागीरथा म्हणाली.

"मी एवढी काळी नाई."

"तिच्याहून जास्त हाय."

मागून पोरगा ओरडला, "उड ना बे!" दुसरा म्हणाला, "भाजीनाथ, कोथिंबीर कशी देली?" सत्यवतीनं मला ढोसलं.

"काकू, हा उडन कवा?"

"उडला होता ना मांगच्या भागात. पोट नाई भरलं?"

खरं सांगायचं तर सिनेमात खोडी होत्या. दुष्ट माणूस कुठून येतो आणि काय मागतो ते धड कळत नाही. नायकाच्या मित्राचे विनोद शिळे. एक गाणं तर उगाच घुसवलेलं, त्यात मला डुलकी लागली. वर्षाली माझी नात म्हणून मी काही झाकणार नव्हते. पण त्या बाजाराच्या वेळी मला डुलकी लागली नाही. ज्याच्या अंगात वीज आहे त्याला मेथीची एक जुडी न सुटेल अशी बांधणं जमत नाही, हे पाहताना मला हसू आलं आणि नंतर हसू आल्याचा रागही आला. इंटरवलला मागची पोरांची रांग उठून गेली ती परत आली नाही. त्यांचं मत तयार झालं होतं.

पडद्यावर बिजलीनाथ आणि ती म्हातारी मोडलेल्या बाजारात समोरासमोर उभी होती आणि आता ती काय बोलते म्हणून मी पुढं झुकले, तेवढ्यात भागीरथेनं पिशवी उचलली.

"चाल, गाडी जाईन."

"तुमी जा. मी शेवट पाहून येते."

"अन् घरी कशी येशीन?"

"नाई येत घरी. अमरावतीची गाडी पकडते, मनोजकडे जाते."

"घाण सिनेमासाठी?"

"तुले घाण वाटला का भागीरथे?"

ती थांबली. "मले बरा वाटला बापा. पन सगळे म्हनतात ना."

मी तिला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर पन्नास वर्षांची मैत्री तिथंच तुटली असती. त्या दोघी उठल्या तसे आजूबाजूच्या रांगांतले गावाकडचे लोकही उठले. दार उघडलं, उजेड आत आला, बंद झाला. मागं वळून पाहिलं तर टॉकीजमध्ये मी, एक झोपलेला माणूस आणि कोपऱ्यात एक जोडपं, तेही पडद्याकडे पाहत नव्हतं.

मग मी शेवट पाहिला.

बिजलीनाथ एका रात्रीत नवा बाजार बांधतो. पत्र्याचं चकचकीत छत, रंगीत फिती. म्हातारी नवं कोरं लुगडं नेसून येते. जी बाई सिनेमाभर त्याच्यासमोर वाकली नाही, ती धावत येते, रडते, त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि त्याला देवा म्हणते. मग उठून त्याच्या गळ्यात हार घालते. भाजीवाल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन नाचायला लागतात. आणि तो उडतो. हार झेंडूचा दाखवला होता, पण प्लास्टिकचा होता. पाकळ्यांची शिवण मला बसल्या जागेवरून दिसली.

"खोटं हाय," मी मोठ्यानं म्हणाले.

झाडू घेऊन आलेला माणूस म्हणाला, "आजी, संपला सिनेमा."

"मले दिसून राहिलं."

अमरावतीच्या गाडीत बसले तरी मी आतल्या आत भांडतच होते. मला ज्याचा राग आला होता ते कुणी पाहिलंच नव्हतं. सगळे शिव्या देत होते त्या मेथीला.

मनोजच्या दारात पोचले तेव्हा घरात पानं वाढली होती. त्यानं दार उघडलं आणि पाहतच राहिला.

"माय, तू एकटी? फोन तं कराचा."

"मनोज, तू पाह्यला का तुह्या पोरीचा सिनेमा?"

"मले वेळ कुठी हाय? स्टाफरूममधले सगळे म्हनतात..."

"त्यातल्या कोन्या एकानं तरी पाह्यला का?"

"पाह्याची गरज काय? वर्गातले पोट्टे मले भाजीनाथ सर म्हनून राहिले, माहीत हाय का तुले? मी फळ्याकडं वळलो का मांगून आवाज येते, मेथी कशी देली."

त्याचा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्या एखाद्या दिवशी मला त्याची दया आली असती.

"मंग सांगाचं होतं भाव," मी म्हणाले. "याच भाजीवर शिकला ना तू."

वर्षाली आतल्या खोलीच्या दारात उभी होती. वाळली होती. मी चप्पल काढायच्या आधीच तिनं विचारलं, "सांग आजी."

"घाण हाय."

तिनं मान हलवली, जणू हेच ऐकायला ती इतके दिवस उभी होती. मनोज म्हणाला, "झालं. आता सोमवारी..."

"मनोज, गप बस. वर्षाली, पुरं ऐक. लोक जिथं घाण म्हनतात ना, तिथं नाई घाण. ते सगळं खरं हाय, मी डोळ्यानं पाह्यलं. ती जुडी मांडीवर ठोकते तिथपर्यंत खरं हाय. शेवट घाण हाय. ती बाई त्याच्या पाया पडते? ज्यानं तिचा बाजार मोडला त्याच्या? अन् वरून त्याले देव म्हनते? हे तू लिहिलं?"

"नाई."

"मंग तू काय लिहिलं होतं?"

ती भिंतीला टेकून खाली बसली. हळूहळू सांगायला लागली. तिच्या लिहिण्यात म्हातारी बाजारात आपल्या जुन्या जागेवर परत बसते. बिजलीनाथ विचारतो, माफ केलं का? ती उत्तर देत नाही. गिऱ्हाईक येतं, ती त्याला भाव सांगते. मग बिजलीनाथकडे न पाहता म्हणते, उद्या जरा लवकर येजो, आज उशीर केला. तो मान हलवतो. संपलं.

मला तो शेवट पाठ असल्यासारखा वाटला.

"हे काऊन नाई घेतलं?"

"ते म्हनले, एवढा मोठा हिरो, त्याले लोकायनं हार घातला पाहिजे. घरी जाताना लोक खुश पाहिजे."

"लोक तं निघून गेले होते. अन् तू काय म्हनली?"

"दोनदा म्हनलं नको म्हनून. मंग गप बसली. नवीन होती मी, आजी."

"गप बसली," मी म्हणाले. "अन् आता शिव्या पडल्या तं इथी येऊन बसली."

"माय," मनोज म्हणाला, "थकली हाय ती."

"मी नाई थकली का? या वयात एसटीत धक्के खात आली." मी वर्षालीकडे वळले. "तू म्हनली होती, घाण असन तं सोडीन. सोड. पन त्यायनं तुह्या बाईले खोटं पाडलं म्हनून सोड. पोट्ट्यायनं दोडके टांगले म्हनून सोडू नको. अन् सोडाच्या आंधी एक सांग. तू गेली तं ती बाई तशीच राह्यते त्याच्या पायावर पडून. तिसऱ्या भागात तिले उठवन कोन?"

"तिसऱ्या भागात ती नकोच म्हनतात ते."

"मंग तं लयच सोपं झालं त्यायचं."

ती रडली. मी जवळ घेतलं नाही. मला अजून राग होता, आणि रागावलेल्या माणसानं जवळ घेतलं की पोरींना वाटतं राग गेला. मी हात धुऊन जेवायला बसले.

सोमवारी ती कॉलेजात गेली नाही. माझ्याबरोबर पातूरला आली. मनोज आम्हाला बसस्टँडवर सोडायला आला, पण माझ्याशी बोलला नाही. मळ्यात वर्षालीनं चंदनच्या बायकोबरोबर शेवंती तोडली, आणि बांधावर उभी राहून मुंबईच्या लोकांशी फोनवर भांडली. तिचा आवाज विहिरीपर्यंत ऐकू यायचा. एकदा मी ऐकलं, ती म्हणत होती, तिसऱ्या भागाच्या पहिल्याच दृश्यात म्हातारी त्याच्या गळ्यातला तो हार काढून घेते, नाहीतर माझं नाव घालू नका. पलीकडचे काय म्हणाले ते मला माहीत नाही. समोरासमोर बोलू, एवढ्यावर ते थांबलं.

पुढच्या बाजाराच्या सकाळी ती बॅग घेऊन आमच्याच गाडीत बसली. अकोल्याहून तिची रेल्वे होती. गाडीत वस्तीवरच्या सगळ्या बाया, टोपल्या, भागीरथा, सत्यवती. आम्ही गेलो त्याच्या आगेमागे बऱ्याच जणींनी तो सिनेमा पाहून घेतला होता, सगळ्यांनी गाडीच्या वेळेपर्यंतच. वर्षालीला पाहून दोघी-तिघींनी आवाज खाली आणला. ती खिडकीकडे सरकली.

भागीरथेला मात्र आवाज खाली आणता येत नाही. "पार्बता, तू थांबली होती ना त्या दिवशी? शेवट काय झाला मंग?"

सगळी गाडी माझ्याकडे पाहायला लागली. प्लास्टिकचा हार माझ्या डोळ्यांपुढं आला. तो मी यांना सांगणार नव्हते. त्या लोकांनी तो बनवला, त्यांनीच सांगत फिरावं. मी उठले, वरचा दांडा धरला, आणि वर्षालीचा शेवट सांगितला. म्हातारी जागेवर बसली. त्यानं माफी मागितली. तिनं गिऱ्हाइकाला भाव सांगितला. उद्या लवकर येजो, आज उशीर केला. मला शालिकरामांसारखं रंगवता येत नाही, जसं होतं तसं सांगितलं. वर्षाली खिडकीतून आत वळली होती.

मग भागीरथा म्हणाली, "बरोबर केलं तिनं. माफ कायचं करते?"

"मंग तं सिनेमा चांगला होता की," सत्यवती म्हणाली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. उलट राग डोक्यात चढला, कारण तसा सिनेमा कुठंच नव्हता. "असा नाई दाखवला," मी म्हणाले. "हा हिनं लिहिला होता. त्यायनं दुसराच दाखवला. ते बाई पाया पडते त्यात."

गाडीत एकदम कालवा झाला. "पाया? काऊन?" "त्याच्या पाया?" सत्यवती सीटवरून मागं वळली आणि वर्षालीला तिनं सरळ विचारलं, "मंग पोरी, तुहाच काऊन नाई दाखवला?"

"तेच विचाराले चालली काकू," वर्षाली म्हणाली.

गाडी टॉकीजवरून गेली. पोस्टर उतरवलं होतं, खिळ्याला सुतळीचा तुकडा तेवढा राहिला होता.

"विचारजो," भागीरथा म्हणाली. "अन् त्यायले सांगजो, आमची एसटी सुटाच्या आंधी संपवत जा म्हना."